दुसरं मत

२००७ सालच्या डिसेंबरात मी सिंगापूरच्या एका मुलाला आशियातला सर्वोत्तम गायक बनवलं. म्हणजे मी एकट्यानं नाही, पण माझा हात होता त्यात. त्याचं गाणं मी ऐकलं नव्हतं. त्याच्या नावाचा उच्चार हादी की हॅडी यावर आमच्या खोलीत वाद होता. आणि तो जिंकू नये, एवढ्याचसाठी मी त्याला मत दिलं होतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

तेव्हा आम्ही चौघं वाशीला सेक्टर ९ मध्ये भाड्यानं राहायचो. एक कण्णूरचा, एक गुवाहाटीचा, एक इंदूरचा आणि मी नाशिकचा. चौघंही सॉफ्टवेअर हमाल, हापिस महापेला. शनिवार-रविवार म्हणजे आठवड्याचे कपडे, दुपारची झोप आणि खोलीतला एकुलता एक टीव्ही. त्या वीकांताला, म्हणजे १५ आणि १६ डिसेंबरला, जकार्तात 'एशियन आयडल' होती. सहा देशांचे 'आयडल' जिंकलेले सहा गायक एकमेकांसमोर. भारताकडून आपला अभिजीत सावंत. (हा 'आपला' कसा आपोआप येतो बघा. त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे.)

नियम मजेशीर होता. एका एसेमेसमध्ये दोन नावं पाठवायची. एकच नाव पाठवलं तर मत बाद. शिवाय प्रत्येक देशाच्या मतांचं वजन सारखंच, मग त्या देशाची लोकसंख्या शंभर कोटींच्या वर असो नाहीतर पन्नास लाखांच्या आत. थोडक्यात, आपण भारतीयांनी मोबाईल कंपन्यांची सर्व्हरं पाडली असती तरी अभिजीतला मिळणार होता तो एका देशाचाच वाटा.

पहिलं नाव अर्थातच अभिजीत. प्रश्न दुसऱ्याचा. आता आम्ही पडलो प्रोग्रॅमर. गाणी ऐकत बसण्यापेक्षा लॉजिक लावलं. इंडोनेशियाचा माइक मोहेदे यजमान देशाचा, तो धोकादायक. मलेशियाची जॅकलिन व्हिक्टर म्हणे फार भारी गाते, म्हणजे तिला तर अजिबातच नाही. फिलिपाइन्सची माउ मार्सेलो, आणि फिलिपिनो लोक गाण्यात बाप असतात हे क्रूझवर नोकरी केलेला कुणीही सांगेल. व्हिएतनामच्या फुओंग वीचं स्पेलिंग माझ्या नोकियावर टाइप होईना. उरला सिंगापूरचा हादी मिर्झा. सिंगापूर केवढंसं! आपल्या ठाणे जिल्ह्यात कितीतरी वेळा मावेल. हा काय जिंकणार? म्हटलं, दुसरं मत याच्या नावावर टाका, म्हणजे फुकट जाईल आणि अभिजीतला धोका नाही. सात-आठ एसेमेस केले.

गुवाहाटीवाला मात्र सगळ्यांची गाणी शेवटपर्यंत ऐकत बसला होता. त्यानंही पहिलं मत अभिजीतलाच दिलं, पण दुसरं दिलं जॅकलिन व्हिक्टरला. मी ओरडलो, अरे वेडा झालास का, वो जीत जायेगी ना! त्यानं मान पण वर केली नाही. म्हणाला, "तो जीतने दे ना यार. अच्छा गाया उसने."

रविवारी निकाल लागला. जिंकला हादी मिर्झा.

या गोष्टीला अठराएक वर्षं झाली. मधल्या काळात मी गाण्याच्या स्पर्धांमधल्या मतदानावर प्रमाणाबाहेर वाचलंय. (बायको याला रोग म्हणते.) आणि माझं एक मत बनलंय, जे ऐकून बहुतेक लोक भुवया उंचावतात. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मत देणं यात काहीही गैर नाही. गैर आहे ते आपण आपल्यालाच मत देणं.

हादी कसा जिंकला असेल? एक कारण सरळ आहे. तो मलय भाषेत गातो. मलेशियाची भाषा मलय. इंडोनेशियाची भाषा म्हणजे तिचीच सख्खी बहीण, पुणेरी आणि वऱ्हाडी माणूस एकमेकांना समजतो तेवढं तर ते एकमेकांना समजतातच. म्हणजे सहापैकी तीन देशांत त्याचे शब्द थेट कानात शिरत होते. मलेशियातल्या माणसानं पहिलं मत जॅकलिनला दिलं, इंडोनेशियातल्यानं माइकला, की दोघांचंही दुसरं मत कुणाला जाईल? दोघांच्या मध्ये राहणाऱ्या शेजाऱ्याला. दुसरं कारण मी स्वतः. माझ्यासारखे हुशार लोक सहाही देशांत बसले असणार, 'हा काही जिंकत नाही' म्हणून त्याला मत देणारे. किती होते हे कुणालाच कळणार नाही, पण मी एकटाच नव्हतो याची मला खात्री आहे.

आणि अभिजीत? त्या सहा जणांत त्याला शेजारीच नव्हता. आपले शेजारी कोण, तर पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका. आपली गाणी गुणगुणत मोठे झालेले लोक. यातला एकही देश तिथे नव्हता. लग्नाच्या हॉलमध्ये आपल्या ओळखीचं कुणीच नसलं की माणूस कसा जेवणाच्या रांगेत गुपचूप उभा राहतो, तसं झालं असणार त्याचं.

हा शेजाऱ्यांचा खेळ सगळ्यात जुना नि सगळ्यात मोठा चालतो तो युरोपात. युरोव्हिजन. तुमच्यापैकी जे ऑनसाइटला मे महिन्यात युरोपात अडकले असतील त्यांनी पाहिलं असेल, शनिवारी रात्री सगळं हापिस टीव्हीसमोर असतं. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो, मग प्रत्येक देश बाकीच्यांना गुण देतो. १९७५ पासून पद्धत अशी की आवडत्या दहा गाण्यांना बारा, दहा आणि मग आठपासून एकपर्यंत. आणि गेली कित्येक वर्षं एक विनोद ठरलेला. ग्रीसचे बारा गुण सायप्रसला, सायप्रसचे ग्रीसला. जाहीर होण्याआधीच सभागृहात हशा पिकतो. उत्तरेकडचे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क एकमेकांना सांभाळून घेतात. युगोस्लाव्हियाचे तुकडे झाले, त्यांनी आपसांत युद्धं केली, माणसं मारली, आणि गाण्याच्या रात्री मात्र मतं एकमेकांना.

याचा राग राग करणारेही पुष्कळ. बीबीसीवर वर्षानुवर्षं या स्पर्धेचं समालोचन करणारे टेरी वोगन २००८ साली बाजूला झाले. त्या वर्षी रशियाचा दिमा बिलान जिंकला होता, आणि वोगन यांचं म्हणणं, आता ही गाण्याची स्पर्धा उरलेली नाही. पश्चिमेतल्या बऱ्याच लोकांना तेव्हा वाटायचं की पूर्व युरोपनं टोळी बनवलीय.

मला वोगन आवडतात, पण इथे त्यांचं पटत नाही. शेजारी शेजाऱ्याला मत देतो ते काही रात्री फोन करून ठरवून देत नाही (म्हणजे सामान्य माणूस तरी नाही, परीक्षकांकडे येतोच आता). तो देतो कारण ते गाणं त्याच्या कानाला परकं वाटत नाही. तोच रेडिओ, तीच लग्नातली वाद्यं, भाषा अर्धीमुर्धी कळणारी. शिवाय माणसं हलतात. १९९७ साली पाच देशांनी पहिल्यांदा प्रेक्षकांना फोनवरून मत देऊ दिलं, त्यात जर्मनी होता. त्यानंतर जर्मनीतून तुर्कस्तानला भरभरून गुण जायला लागले. बर्लिन नि कोलोनमध्ये दोन-तीन पिढ्या राहिलेले तुर्क फोन उचलत होते, दुसरं काय. परीक्षकांच्या खोलीत ज्यांना कुणी विचारलं नव्हतं ते लोक पहिल्यांदा मोजले गेले. याला टोळी म्हणायचं?

आपल्याकडचं बघा. वाशी स्टेशनजवळ सेक्टर ३०-अ मध्ये कधी सावकाश चालत गेलायत का? केरळ हाउस, आसाम भवन, उत्तराखंड भवन, उत्तर प्रदेश भवन, ओडिशा भवन... राज्यांनी ओळीनं आपापली घरं बांधलीयत. मला तर तिथून जाताना नेहमी युरोव्हिजनची गुणांची पाटी आठवते. समजा या भवनांमधून एकेक गायक उभा केला आणि महाराष्ट्राला सांगितलं की तुझे बारा गुण दे, स्वतःला सोडून. कुणाला देऊ आपण?

माझं उत्तर तयार आहे. कर्नाटकाला. आणि हे आपण शंभर वर्षं करतोच आहोत. भीमसेन जोशी गदगकडचे. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरातलं नाव शिवपुत्र कोमकली. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड-हुबळीचे. यातल्या एकाचीही मातृभाषा मराठी नाही, आणि यांच्याशिवाय मराठी माणसाच्या घरातली सकाळ होत नव्हती. भीमसेन अण्णांचे अभंग ऐकताना कुणाला कधी त्यांच्या आधार कार्डावरचा पत्ता आठवला? दुसऱ्या दिवशी सकाळी आपण बेळगावच्या प्रश्नावर त्याच कर्नाटकाविरुद्ध घोषणा देणार, तो भाग वेगळा. आणि घोषणा खरी, तशी दादही खरी. सायप्रसच्या माणसाला विचारा, तुर्कस्तान-ग्रीस भांडणात होरपळूनही तो गाणं कुठलं ऐकतो.

बरं, शेजाऱ्यांच्या मतांनी होतं तरी किती? २०१४ साली मार्टा ब्लांजार्डो आणि जियानलुका बायो या लंडनमधल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ पर्यंतच्या युरोव्हिजनच्या मतांचा अभ्यास छापला होता. त्यात सापडलं ते असं, की काही देशांचा एकमेकांकडे ओढा आहे, पण तो बेताचाच. आणि कुणी कुणाला मुद्दाम डावलतं असा पुरावा मिळाला नाही. मला हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रेम सापडलं, द्वेष सापडला नाही. चाळीस देश मत देतात तिथे चार-पाच शेजारी तुम्हाला दहाव्यावरून सहाव्यावर नेतील. पहिलं यायचं तर ज्यांना तुमचं गाव नकाशात दाखवता येत नाही त्यांचीही मतं लागतात. २००९ साली नॉर्वेचा अलेक्झांडर रीबाक ३८७ गुणांनी जिंकला, तेव्हाचा विक्रम. पोरगा जन्मला बेलारूसमधल्या मिन्स्कमध्ये, वाढला नॉर्वेत. त्याला उत्तरेनंही दिलं, पूर्वेनंही दिलं आणि पश्चिमेनंही. आता यात शेजारी कोण ते सांगा!

ते २००९ साल आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी अंतिम फेरीत परीक्षक परत आणले, निम्मे गुण त्यांचे. लोक पक्षपाती, मग तज्ज्ञ बसवा, हा आपल्याकडेही आवडता उपाय. पण २०२२ साली काय झालं? सहा देशांच्या परीक्षकांची मतं संशयास्पद सापडली म्हणून बाद करावी लागली. अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रुमानिया आणि सॅन मारिनो. आता नकाशा काढून बघा. सॅन मारिनो आणि अझरबैजानचा बांधाला बांध लागत नाही, माझ्या माहितीप्रमाणे. शेजाऱ्याचं मत कानातून येतं. हे कुठून आलं असेल ते तुम्हीच ठरवा.

या सगळ्यात मला आवडणारा किस्सा अगदी पहिल्या स्पर्धेचा आहे. १९५६, स्वित्झर्लंडमधलं लुगानो, सात देश. तेव्हा परीक्षकांना स्वतःच्या देशाला मत द्यायची मुभा होती. लक्झेंबर्गच्या परीक्षकांना येता आलं नाही, तर त्यांची मतं स्विस परीक्षकांनी दिली. जिंकलं कोण? स्वित्झर्लंड. कुणाला किती मतं, ते कधी जाहीर झालं नाही. पुढच्याच वर्षी नियम आला, स्वतःला मत नाही. तेव्हापासून आजतागायत तो टिकलाय. बाकी सगळं बदललं, हा नियम बदलला नाही. कोडमध्ये सुरुवातीलाच लिहिलेली ती एक ओळ, जिला पुढे कुणी हात लावायची हिंमत करत नाही, तसा.

आपल्याकडे ती ओळच लिहिली गेली नाही.

५ मार्च २००५ आठवा. 'इंडियन आयडल'चा पहिला निकाल, अभिजीत सावंत विरुद्ध भिलाईचा अमित साना. आता कबूल करतो, मला अमितचा आवाज जास्त आवडायचा. अभिजीतही छानच गायचा, साधा होता, शेजारच्या बिल्डिंगमधला वाटायचा, पण गाण्याचं म्हणाल तर माझं मन अमितकडे होतं. आणि मी एसेमेस केले ते सगळे अभिजीतला. किती ते सांगत नाही, त्या महिन्याचं बिल बघून वडिलांनी विचारलं होतं की पोरीबिरीचं प्रकरण आहे का. मला आवडलेल्या गायकाला मी एकही मत दिलं नाही, कारण तो छत्तीसगडचा. हे मी कुणाच्या दबावाखाली केलं नाही. कुणी सांगायला आलं नव्हतं. आपोआप झालं, त्या 'आपला'सारखं.

त्याच वर्षी 'फेम गुरुकुल'मध्ये काश्मीरचा काझी तौकीर जिंकला तेव्हा मात्र मी हापिसात तावातावानं बोललो होतो, की हे काय, गाता येत नाही त्याला, काश्मिरी लोकांनी नुसती मतं टाकली! आरसा नावाची वस्तू आमच्या क्युबिकलमध्ये नव्हती.

मग आलं २००७. 'इंडियन आयडल'चं तिसरं पर्व. अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसात शिपाई, आणि शिलाँगचा अमित पॉल. एकूण मतं सात कोटींच्या घरात गेली. दार्जिलिंगच्या डोंगरात गावोगाव प्रशांतचे फॅन क्लब निघाले, वर्गणी काढून एसेमेस पाठवले गेले. नेपाळी बोलणाऱ्या सगळ्यांचा तो झाला, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही. तिकडे शिलाँगमध्ये जे झालं ते त्याहून विलक्षण. अमित पॉल बंगाली. शिलाँगमध्ये खासी आणि बाहेरून आलेले यांच्यात दंगलींचा जुना इतिहास. आणि त्याच शहरात खासी नि बंगाली एकत्र येऊन त्याच्यासाठी मतं गोळा करत होते. मेघालय सरकारनं त्याला शांतता नि सलोख्याचा दूत नेमलं.

आमचा गुवाहाटीवाला त्या दिवसांत अमित पॉलसाठी वेडा झाला होता. गुवाहाटी ते शिलाँग शंभर किलोमीटर. एरवी हाच पोरगा शिलाँगवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा, तिकडची दोन राज्यं सीमेवरून भांडतात तसं. पण गाण्याच्या वेळी शेजारी. तो आम्हा तिघांना म्हणाला, एकेक तरी मत द्या रे. कण्णूरवाल्यानं दिलं. इंदूरवाल्यानं त्याच्याकडून चहाचे पैसे घेऊन दिलं. मी दिलंच नाही. मराठी पोरगा उरला नव्हता, मला त्यात रस नव्हता, आणि बॅलन्स कमी होता असं काहीतरी मी सांगितलं. बॅलन्स होता.

२३ सप्टेंबरला प्रशांत जिंकला. पाचच दिवसांनी दिल्लीतल्या एका एफएमवर त्याच्याबद्दल, म्हणजे खरं तर सगळ्या नेपाळ्यांबद्दल, रखवालदारीवरून एक अत्यंत फालतू विनोद झाला होता त्याच्या निषेधात सिलिगुडी पेटलं, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. सुभाष घिसिंग यांनी प्रशांतच्या प्रचारापासून लांब राहण्याची चूक केली होती. बिमल गुरुंग यांनी ती केली नाही, आणि फॅन क्लबांतून उठलेल्या त्या लाटेवर ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा उभा राहिला. एका गाण्याच्या कार्यक्रमातून एक राजकीय पक्ष निघाला, जगात असं आणखी कुठे झालं असेल तर मला कळवा.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग मतं आपल्याच माणसाला दिली म्हणून बिघडलं कुठे? दार्जिलिंगच्या लोकांना पहिल्यांदा देशानं बघितलं. बरोबर आहे, आणि त्यांना मी एका शब्दानं दोष देणार नाही. ज्यांना एरवी कुणी मोजत नाही त्यांनी मोजून घेतलं. पण आम्ही मुंबईवाल्यांनी २००५ साली काय मोजून घेतलं? आम्ही तर आधीच मोजलेले होतो.

आणि खरा घोटाळा कुठे आहे सांगतो. आपल्या स्पर्धांत एकाच माणसाला हवी तितकी मतं, आणि स्वतःच्या राज्याला चालतात. म्हणजे गाणं चांगलं की वाईट हा प्रश्न मतदाराला कधी पडतच नाही. जोवर आपला माणूस शर्यतीत आहे तोवर बाकीच्यांचं ऐकायचं कशाला? आणि तो बाद झाला की टीव्ही बंद. शेजाऱ्याचं गाणं शेजाऱ्याच्या कानापर्यंत पोचायचा रस्ताच बंद होतो. कोल्हापूरच्या माणसानं हुबळीच्या पोरीला कधी मत द्यायचं? युरोपातसुद्धा एकेका माणसाला वीस मतं देता यायची, त्यावरून २०२५ मध्ये बरीच आरडाओरड झाली, आणि २०२६ साठी ती दहावर आणली गेली. तीही मला जास्तच वाटतात, पण निदान आकडा तरी आहे.

चॅनेलवाले हे का करत नाहीत, यामागे गूढ काही नाही. साध्यापेक्षा महाग एसेमेस होते, जितकं प्रांतप्रेम तितका गल्ला. आता एसेमेसची जागा ॲपनं घेतलीय, पैसे थेट जात नाहीत, पण ॲप उतरवून घ्यायला प्रांतप्रेमासारखं दुसरं काही नाही.

नियम मात्र अवघड नाही. 'एशियन आयडल'चा अर्धा आणि युरोव्हिजनचा अर्धा घ्यायचा. राज्यवार मोजणी, स्वतःच्या राज्याला मत नाही. सिक्कीम आणि उत्तर प्रदेश यांचं वजन एकच ठेवायचं का, यावर माझं मन अजून हेलकावे खातं. लोकसभेसारखं केलं तर हिंदी गाणं कायम जिंकेल, आणि सगळ्यांना समान दिलं तर सिक्कीमच्या एका माणसाचं मत आपल्या शेकडो जणांइतकं जड होईल. मला वाटतं, गाण्यापुरतं ते चालवून घ्यावं.

आणि जमलं तर सीमेपलीकडच्यांनाही बसवावं. २००७ मध्येच 'सा रे ग म प'मध्ये फैसलाबादचा अमानत अली अंतिम तिघांत पोचला होता, आमच्या खोलीत चौघांचं ज्या एकाच गायकावर एकमत होतं तो हाच. २०१२ मध्ये 'सूरक्षेत्र' नावाची भारत-पाकिस्तान स्पर्धा झाली. मनसेनं विरोध केला, आशाबाई परीक्षक म्हणून बसल्याच. त्यांच्यासोबत पाकिस्तानच्या आबिदा परवीन आणि बांगलादेशच्या रुना लैला. तीन शेजारणी! जिंकला लाहोरचा नबील शौकत अली. आज असं काही होणं कठीण दिसतं, त्याची कारणं गाण्यात नाहीत, सोडून देऊ.

चॅनेल काही माझं ऐकणार नाही. पण आमची सोसायटी ऐकते कधीकधी. गणपतीत आमच्याकडे गाण्याची स्पर्धा असते, चिठ्ठ्या टाकून निकाल. ए विंगमध्ये अठ्ठावीस फ्लॅट आहेत, डी विंगमध्ये बारा. दरवर्षी कोण जिंकायचं हे सांगायला नको. डी विंगमधली एक मल्याळी मुलगी, नववीतली, इतकं सुंदर भावगीत म्हणते की मागे बसलेले पत्ते खेळणारे डाव थांबवतात. तीन वर्षं ती चौथी येत होती. गेल्या वर्षी मी मीटिंगमध्ये माझा नियम मांडला. दोन नावं लिहायची, आणि दोन्ही स्वतःच्या विंगबाहेरची. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आपल्याच पोरांना मत द्यायचं नाही तर द्यायचं कुणाला?" मी युरोव्हिजन सांगायला लागलो, तेव्हा दोघं उठून चहा आणायला गेले. शेवटी 'करून तर बघू' वर आलं.

चिठ्ठ्या मोजायला मीच बसलो होतो. सी आणि डी विंगचं गच्चीच्या टाकीवरून गेली दोन वर्षं बोलणं बंद आहे. सी विंगची जवळजवळ सगळी पहिली मतं डी विंगच्या त्या मुलीला. ती पहिली आली, आणि टाळ्यांत सी विंगच सगळ्यात पुढे होती. मी जाम खूष.

मग दुसरा नंबर मोजला. ए विंगवाले आमचे चेअरमनसाहेब. सत्तरीचे, सुराशी त्यांचा संबंध कधीच आलेला नाही, तबलेवाला त्यांच्यासोबत बसायला नकार देतो. बी, सी, डी तिन्ही विंगांच्या चिठ्ठ्यांवर दुसरं नाव त्यांचं. बी विंगमधल्या एकाला मी बाजूला घेऊन विचारलं. तो डोळा मारून म्हणाला, "अहो, ते काय जिंकतायत! म्हटलं मत तिकडे टाका, म्हणजे आपल्या माणसाला धोका नाही."

चेअरमनसाहेबांनी यंदाच्या गणपतीसाठी आत्तापासून क्लास लावलाय. रोज सकाळी साडेसहाला पेटी वाजते, आणि माझा फ्लॅट बरोबर त्यांच्या खाली आहे.